खुर्ची न करकरलेले शब्द

१

बाईंना जाऊन दीड महिना झाला होता आणि कोशात त्यांच्या आवाजातले नवे शब्द येतच होते.

हे लक्षात आलं माझ्या. मी कोशाचा सहसंपादक. कोश चांगला झाला तर संपादकांचं नाव होतं आणि कुठे चुकला तर ज्याला बोलावणं येतं, त्याला सहसंपादक म्हणतात. आमचा कोश छापील नाही, इंटरनेटवर आहे. नदीपलीकडच्या खोऱ्यात बोलल्या जाणाऱ्या एका लहानशा भाषेचा. त्या भाषेला लिपी नाही, शाळा नाही, वर्तमानपत्र नाही. बोलणारी माणसं आहेत, तीही बोटांवर मोजण्याइतकी आणि म्हातारी. म्हणून प्रत्येक शब्द आम्ही आपल्या लिपीत लिहितो आणि शेजारी एक बटण ठेवतो. ते दाबलं की शब्द ऐकू येतो. बहुतेक सगळे शब्द बाईंच्या आवाजात आहेत. कोशाची कल्पना संपादकांची, पण कोश बाईंच्या घशातून आला.

त्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे नव्या नोंदी तपासत होतो. एक शब्द ओळखीचा वाटला नाही, म्हणून बटण दाबलं. बाईंचा आवाज. म्हटलं, जुनं ध्वनिमुद्रण असेल, आपण विसरलो. दुसरा शब्द दाबला, तोही अनोळखी, तोही बाईंच्या आवाजात. नोंदीची तारीख पाहिली तर मागच्या आठवड्यातली. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, पण भर दुपारी उठून खोलीतला दिवा लावला हे खरं आहे.

असे बरेच शब्द निघाले. सगळे बाईंच्या मृत्यूनंतर आलेले आणि सगळ्यांची अर्थाची चौकट कोरी. आमच्या कोशात अर्थ ठाऊक नसलेला शब्द कोरा ठेवता येतो. मग येणारे-जाणारे वाचक, बहुतेक खोऱ्यातून बाहेर गेलेल्यांची मुलं-नातवंडं, अर्थ सुचवतात. या नव्या शब्दांतल्या काहींना वाचकांनी अर्थ सुचवलेही होते.

संस्थेच्या विश्वस्तांनी लगेच बैठक बोलावली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कुणीतरी मेलेल्या बाईच्या आवाजात शब्द तयार करून कोशात घालतंय. मग आधीचे तरी खरे कशावरून? दुधात मिठाचा खडा पडला की सगळं दूध ओतून द्यावं लागतं. शुक्रवारपर्यंत चोर सापडला नाही तर बाईंचा आवाज कोशातून पूर्ण काढून टाकायचा.

हे कळल्यावर मावशी उठून माझ्या टेबलाशी आल्या. मावशी म्हणजे बाईंची पाठची बहीण. बाई गेल्यापासून रोज दुपारी त्या कार्यालयात यायच्या, कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाशी बसायच्या आणि एकेक बटण दाबून बहिणीचे शब्द ऐकायच्या. ऐकताना मान डोलवायच्या, कधी उलट उत्तरही द्यायच्या. गावात त्यांची भाषा बोलणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

‘‘तिचा आवाज काढलात तर मी बोलायचं कुणाशी?’’ त्यांनी विचारलं.

 मी म्हटलं, बघू. दुसऱ्या दिवशी विश्वस्तांनी चौकशीसाठी आपल्या वहिनींना पाठवलं.

२

वहिनी म्हणजे विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांच्या थोरल्या भावाच्या पत्नी, त्यामुळे विश्वस्त त्यांना वहिनी म्हणायचे आणि त्यांचं ऐकून आम्हीही. साठी ओलांडलेली, ठेंगणी बाई, खांद्याला कापडी पिशवी. उभं आयुष्य एका विमा कंपनीत मृत्यूच्या दाव्यांची चौकशी करण्यात गेलेलं.

‘‘मेलेल्या माणसांनी सह्या केलेल्या मी पुष्कळ पाहिल्यात,’’ आल्या आल्या त्या म्हणाल्या. ‘‘एकाने तर मेल्यावर दुसरं लग्न केलं होतं. पण मेल्यावर शब्द उच्चारणारं माणूस पहिल्यांदाच बघतेय. चहा मिळेल का?’’

चहा झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा हेडफोनला बोलावलं. हेडफोन हा आमचा तंत्रज्ञ. गळ्यात कायम हेडफोन, म्हणून ते नाव. सगळ्यांचा संशय त्याच्यावरच होता आणि त्याला कारणही होतं. संगणकाकडून हुबेहूब कुणाचाही आवाज काढून घ्यायची कला त्याला येते. एकदा त्याने संपादकांच्या आवाजात ‘आज सगळ्यांना सुट्टी’ असं जाहीर केलं होतं आणि अर्धं कार्यालय खरोखर घरी गेलं होतं.

‘‘तू केलंस का?’’ वहिनींनी विचारलं.

‘‘मी केलं असतं तर खुर्चीसकट केलं असतं,’’ तो म्हणाला.

वहिनी हसल्या नाहीत. ‘‘म्हणजे?’’

त्याने आम्हाला आवाजखोलीत नेलं. भिंतींना जाड गोधडीसारखं कापड, मधे एक माइक आणि त्याच्यासमोर लाकडी खुर्ची. हेडफोन खुर्चीत बसून पुढे वाकला. खुर्ची करकरली.

‘‘बाई प्रत्येक शब्दाआधी अशा वाकायच्या. दुसरी खुर्ची दिली तर बसायच्या नाहीत. त्यामुळे कोशातला बाईंचा कुठलाही शब्द घ्या, आधी बारीकशी करकर आहे. आता संगणकाला बाईंचा आवाज शिकवायचा तर हेच शब्द ऐकवावे लागतील. तो आवाजाबरोबर करकरसुद्धा शिकेल. या नव्या शब्दांत करकर नाही.’’

‘‘काढून टाकता येत असेल की.’’

‘‘येते. पण मग हे कशाला ठेवीन?’’ त्याने आवाज वाढवून एक नवा शब्द ऐकवला. शब्दामागे अगदी मंद, ठरावीक अंतराने टिक, टिक असं ऐकू येत होतं. ‘‘आणखी एक. आम्ही प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घेतो आणि मधला ठेवतो. पहिल्यांदा म्हणताना माणूस बिचकतो, तिसऱ्यांदा सुटल्यासारखं म्हणतो. मधला सपाट येतो, कोशाला हवा तसा. हे नवे शब्द सपाट नाहीत. कुठून तरी बोलण्यातून कापून घेतलेत. कडा बघा, कात्री नीट चाललेली नाही.’’

‘‘आणि घातले कुणी?’’

‘‘बाईंच्याच नावाने, बाईंच्याच पासवर्डने. घरून शब्द घालता यावेत म्हणून मी त्यांना दिला होता. त्यांनी कधी वापरला नाही. म्हणायच्या, मला खुर्चीत बसल्याशिवाय सुचत नाही.’’

वहिनींनी तो शब्द पुन्हा लावायला सांगितला आणि डोळे मिटून ऐकला.

‘‘अशी टिकटिक मी फार ऐकलेली आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हॉस्पिटलात खाटेशेजारी यंत्र असतं ना, त्याची. बाई हॉस्पिटलात असताना रेकॉर्डर घेऊन तिथे कोण गेलं होतं?’’

हेडफोन माझ्याकडे बघू लागला आणि मी गोधडीच्या भिंतीकडे. तिथे कोण गेलं होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. संपादक.

३

संपादकांना आम्ही सर म्हणतो. माणूस विद्वान आणि स्वभावाने वाईट नाही. पण कोशात किती शब्द झाले हे त्यांना रोज सकाळी विचारायची सवय आहे, जसं इतर लोक वजन बघतात.

‘‘गेलो होतो,’’ सरांनी लगेच कबूल केलं. कान मात्र लाल झाले. ‘‘रेकॉर्डर खिशात होता. मला वाटलं, एवढी भाषा त्यांच्याबरोबर जाणार, जेवढी मिळेल तेवढी घ्यावी. त्यात गैर काय?’’

‘‘मिळाली का?’’

सरांनी टेबलाच्या खणातून रेकॉर्डर काढून वहिनींसमोर ठेवला. ‘‘ऐका.’’

आधी टिकटिक. मग सरांचा आवाज, आजारी माणसाशी बोलताना सगळेच काढतात तसा गोड. बाई, काही झाडांची नावं राहिलीत, घेऊ या का? बराच वेळ नुसती टिकटिक. मग बाई, आपल्या रोजच्या भाषेत, थकून: ‘‘सर, इतकी वर्षं तुम्ही वस्तूंची नावं विचारलीत. मी सांगितली. आज राहू द्या.’’ पुढे खाटेची कुरकुर. सर म्हणाले, त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

‘‘मी परत गेलो नाही,’’ सर म्हणाले. ‘‘मला लाज वाटली.’’

रेकॉर्डरमध्ये बाकी काही नव्हतं. हेडफोनने उलटासुलटा तपासला. वहिनींनी सरांना एकच प्रश्न विचारला. ‘‘तुम्ही खरंच फक्त वस्तूंची नावं विचारायचा?’’

सर जरा दुखावले. ‘‘आमची प्रश्नावली शास्त्रशुद्ध आहे. झाडं, प्राणी, शरीराचे भाग, अवजारं, नाती, हवामान. क्रमाने.’’

दुपारी मावशी आल्या. वहिनींनी त्यांच्यासाठीही चहा मागवला आणि शेजारी खुर्ची ओढून बसल्या. दोघी एका वयाच्या.

‘‘तुमचा आवाज बहिणीसारखाच आहे असं म्हणतात.’’

‘‘आवाज सारखा आहे. पण ती कमी बोलायची आणि मी तोंडाळ. मला एक शब्द म्हणायला सांगितला तर मी त्याच्याबरोबर चार जास्तीचे म्हणते. म्हणून तर सरांनी मला कधी खुर्चीत बसवलं नाही, अर्थ तेवढे विचारले.’’ मावशींनी कप खाली ठेवला. ‘‘मला ऐकवा ते शब्द. मी फक्त जुनेच दाबते. नव्यांची भीती वाटते.’’

मी पडद्यावर नवे शब्द ओळीने लावले आणि पहिलं बटण दाबलं. मावशींनी ऐकलं. दुसरं दाबलं. त्या खुर्चीत ताठ झाल्या.

‘‘हे माइकपुढचं बोलणं नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे घरातलं आहे. दार लावून बोलायचं. सरांपुढे ती असं का बोलेल?’’

‘‘म्हणजे वाईट आहे का काही?’’

‘‘वाईट कशाला असेल?’’ त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. तिथे एका शब्दाखाली कुणा वाचकाने अर्थ सुचवला होता: ‘नक्की ठाऊक नाही, बहुधा शिवी.’ मी मावशींना तो वाचून दाखवला मात्र, त्यांचा चेहरा तापला. ‘‘कोण गाढव आहे हा? शिवी म्हणे! याच्या आईने याला कधी जवळ घेतलं नसेल.’’

‘‘मग अर्थ काय?’’ मी पेन सरसावून विचारलं.

‘‘तुम्हाला काय करायचंय? सगळंच कशाला लिहून ठेवायला हवं?’’ आणि त्या पिशवी उचलून निघाल्या. वहिनी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेल्या. तिथे उभ्या उभ्या त्यांनी सहज विचारलं, बाईंना फोन वापरता यायचा का?

‘‘छे! तिला फोनचा आवाजसुद्धा वाढवता यायचा नाही. तिची लेक महिन्यातून एकदा यायची आणि सगळं लावून द्यायची. दोघी मायलेकी भेटल्या की फोनवरच बोलायच्या. म्हणजे फोनविषयी. दुसरा विषयच नसायचा.’’

‘‘लेक तुमच्याशी बोलते?’’

‘‘माझ्याशी काय, तिच्या आईशीही धड बोलायची नाही. शाळेत पोरं हसायची म्हणून तेराव्या वर्षी तिने आईला सांगितलं, माझ्याशी या भाषेत बोलायचं नाही. बहीण हट्टी. त्या दिवसापासून लेकीशी आपल्या भाषेत एक शब्द बोलली नाही.’’

४

लेकीचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काचेच्या कपाटांत फ्रेमा, मागे डोळे तपासायची काळोखी खोली, भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत गेलेल्या अक्षरांचा तक्ता. वहिनी चौकशीचं वगैरे काही बोलल्या नाहीत. त्यांनी डोळे तपासायला सांगितले आणि खुर्चीत बसल्या. मी स्टुलावर.

लेक चाळिशीची, नीटनेटकी, बोलण्यात तुटक. तिने वहिनींच्या नाकावर लोखंडी चौकट बसवली आणि भिंगं बदलत विचारू लागली, आता स्पष्ट की आधी?

‘‘तुमच्या आईचा आवाज कोशातून काढणार आहेत,’’ वहिनी अक्षरं वाचता वाचता म्हणाल्या. ‘‘कळलं का?’’

भिंग हातात तसंच राहिलं. मग ते बसवून ती म्हणाली, ‘‘कळलं. आता स्पष्ट की आधी?’’

‘‘आधी. तुम्हाला वाईट नाही वाटत?’’

‘‘मला त्यातलं काही कळत नाही. मी ती साइट आजवर उघडलेली नाही. आईचा छंद होता, आईबरोबर गेला. काढायचा तर काढा, त्या करकरणाऱ्या खुर्चीसकट काढा.’’

‘‘मावशींना वाटेल ना वाईट. त्या रोज ऐकतात.’’

‘‘तिला वाटेल.’’ पुढचं भिंग बसवताना तिचा हात थोडा जोरात लागला आणि वहिनींनी डोळा चोळला. ‘‘माफ करा. मावशी आणि मी फारशा बोलत नाही. तिच्याकडे गेलं की ती ऐकवणार, तू अशी वागलीस, तू तशी वागलीस. आईने शेवटी ऐकवलं तेवढं मला पुरे आहे.’’

‘‘काय ऐकवलं?’’

‘‘तुमचा नंबर वाढलाय,’’ ती म्हणाली आणि खोलीतला दिवा लावला. ‘‘चष्मा उद्या तयार होईल.’’

बाहेर आल्यावर वहिनी फुटपाथवर थांबल्या आणि पिशवीतून रुमाल काढून डोळे पुसू लागल्या.

‘‘मला तरी वाटतं, हिचा याच्याशी काही संबंध नाही,’’ मी म्हटलं. ‘‘भाषा येत नाही, कोश उघडलेला नाही, आईचं प्रेम नाही.’’

‘‘तुम्ही शब्दांची माणसं,’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘आणि बोलणं ऐकत नाही. ती कधी आपल्या आवाजखोलीत आली होती का?’’

‘‘कधीच नाही. बाईंची शाल आमच्याकडे राहिली होती, ती न्यायलासुद्धा आली नाही.’’

‘‘मग खुर्ची करकरते हे तिला कुणी सांगितलं?’’

मी फुटपाथवर उभाच राहिलो. एका सायकलवाल्याने घंटा वाजवून मला शिवी दिली, ती मात्र नि:संशय शिवीच होती.

५

‘‘तिने कोश ऐकलाय,’’ कार्यालयात परतल्यावर वहिनी म्हणाल्या. ‘‘एकदा नव्हे, पुष्कळदा. करकर लक्षात राहील इतका. पण ऐकणं म्हणजे चोरी नाही. शब्द तिनेच घातले हे कशावरून? आणि का? कारण सापडल्याशिवाय मी माझा अहवाल लिहीत नाही. ते शब्द मला कागदावर काढून द्या.’’

मी सगळे नवे शब्द काढून, शेजारी त्यांचे सुचवलेले अर्थ लिहून दिले. वहिनींनी कागद पाहिला आणि परत केला.

‘‘हा कुठला क्रम?’’

‘‘अकारविल्हे.’’

‘‘ते तुमच्या कोशात. ते आले कोणत्या क्रमाने?’’

खरं सांगायचं तर हा प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. सर, मी, हेडफोन, आम्ही सोमवारपासून ते शब्द पुन्हा पुन्हा पाहत होतो, पण अकारविल्हे. कोशाचं काम करणाऱ्याची नजरच तशी होते. मला कुणी घरचं सामान आणायला सांगितलं तर तेही मी अकारविल्हे आणतो. मी यंत्राला सांगून शब्द आलेल्या तारखेने लावले आणि पुन्हा कागद काढला.

वाचकांनी सुचवलेले अर्थ वहिनींनी वरून खाली वाचायला सुरुवात केली. सगळ्यांत आधी तो ‘बहुधा शिवी’. मग एक शब्द, अर्थ: रुसून बसणं. मग एक कोरा. मग: ओठ शिवून घेणं. मग: पाठोपाठ जन्मलेली. मग: घर मुकं होणं. मग दोन कोरे. मग: अडखळत चालणं, किंवा अडखळत बोलणं.

‘‘हे शब्द नाहीत,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘हा निरोप आहे. मधले मधले शब्द गाळलेला.’’

‘‘गाळले का?’’

‘‘तुम्ही सांगा. तुमचा कोश आहे.’’

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. गाळलेले शब्द गाळलेच नव्हते. ते कोशात आधीपासून होते. कुणाकडे तरी बाईंचा हॉस्पिटलातून पाठवलेला निरोप होता, बाईंच्या भाषेत. त्या माणसाला भाषा अर्धीमुर्धी येत होती. एकेक शब्द तो कोशात शोधत गेला. सापडला त्याचा अर्थ मिळाला. जो सापडला नाही तो निरोपातून कापून, कोरी चौकट ठेवून, कोशात घातला, कुणीतरी अर्थ सांगेल म्हणून. न सापडलेले शब्द तरी कुठले? आई लेकीशी दार लावून बोलते ते. आमच्या शास्त्रशुद्ध प्रश्नावलीत झाडं होती, अवजारं होती, हवामान होतं. आईने रुसलेल्या मुलीला काय म्हणावं, हे आम्ही बाईंना विचारलंच नव्हतं.

‘‘पण मावशी इथे दोन गल्ल्यांवर राहतात!’’ मी म्हटलं. ‘‘फोन पुढे धरला असता तर दोन मिनिटांत अर्थ कळला असता. जगभरच्या अनोळखी माणसांना एकेक शब्द विचारत बसायचं कारण काय?’’

‘‘अनोळखी माणसाला एकच शब्द कळतो. मावशीला सगळा निरोप कळला असता.’’ वहिनींनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. ‘‘सत्तावीस वर्षं जी आई लेकीशी या भाषेत बोलली नाही, ती मरताना त्याच भाषेत बोलली. लेकीला वाटलं, इतक्या वर्षांचं साचलेलं ऐकवलं असणार. पहिलाच शब्द शोधला तर हाती काय आलं? बहुधा शिवी. सांगा, पुढचं ऐकायला तुम्ही मावशीकडे गेला असता?’’

नसतो गेलो, आणि मला त्या बाईची फार दया आली. आईची शिवी एकेक शब्द सोलून बघत बसायची, तीही रोज.

‘‘म्हणजे हा गुन्हा नाहीच,’’ मी म्हटलं.

‘‘शब्द खरे, आवाज खरा. विश्वस्तांपुरतं माझं काम संपलं, बाईंचा आवाज राहील. पण उद्या तिला इथे बोलवा. मावशी असतात त्या वेळी.’’

‘‘ती येईल?’’

‘‘चष्मा इथे आणून द्या म्हणावं. दुकानदार आहे, येईल.’’

६

लेक चष्मा घेऊन आली आणि मावशींना पाहून दारातच थबकली. वहिनींनी चष्मा लावला, पसंत केला आणि मग जे होतं ते सरळ सांगितलं. उगाच नाटक केलं नाही. लेकीने नाकारलं नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

‘‘पासवर्ड मीच आईच्या फोनवर लावून दिला होता,’’ ती म्हणाली. ‘‘निरोप तिने हॉस्पिटलातल्या नर्सला फोन धरायला सांगून पाठवला. मी काही खोटं घातलं नाही. मला फक्त ते काय आहे ते हवं होतं. एकदम नको होतं. थोडं थोडं.’’

‘‘मला का नाही विचारलंस?’’ मावशी म्हणाल्या.

‘‘तू ऐकलं असतंस.’’

 मावशींनी हात पुढे केला. लेकीने फोन काढून त्या हातात ठेवला, आणि मावशींनाही फोनमधलं काही कळत नाही म्हणून परत घेऊन स्वतःच निरोप लावला.

टिकटिक. मग बाईंचा आवाज, सपाट नाही, थकलेला आणि मऊ. मी त्यांना इतकी वर्षं ऐकत होतो, पण हा आवाज मला नवा होता. पहिला शब्द आला तसं लेकीने मान खाली घातली.

‘‘ही शिवी नाही गं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘तू पाळण्यात होतीस तेव्हा ती तुला अशी हाक मारायची. पहिल्या लेकीलाच अशी हाक मारतात. दुसऱ्या कुणाला नाही.’’

लेकीने तोंडावर हात घेतला. मावशींनी निरोप थांबवायला सांगितलं नाही. आवाज चालू होता आणि त्या त्याच्या मागोमाग आपल्या रोजच्या भाषेत सांगत होत्या.

‘‘म्हणते, रुसून बसू नकोस. तू नको म्हणालीस म्हणून मी ओठ शिवून घेतले. राग नव्हता, हट्ट होता. तुझाही होता, माझ्यावर गेलीस. म्हणते, आता मुद्दाम आपल्या भाषेत बोलते आहे, कारण हे कळायला तुला…’’

मावशी थांबल्या. फोनमधून बाई बोलतच होत्या. माझं भाषेचं ज्ञान पुस्तकी, मला कळते पण बोलता येत नाही, कोश करणाऱ्यांचं बहुधा असंच असतं. पुढचं मला कळलं. मी तोंड उघडणार तोच वहिनींनी नव्या चष्म्यातून माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

‘‘पुढे काय?’’ लेकीने विचारलं. ‘‘मावशी, पुढे काय म्हणाली?’’

‘‘पुढे तुझ्याबद्दल नाहीये.’’

‘‘मग?’’

‘‘माझ्याबद्दल आहे.’’ मावशींनी पदराने नाक पुसलं. ‘‘म्हणते, हे कळायला तुला माझ्या पाठचीकडे जावं लागेल. म्हणून असं बोलते आहे. मी गेले की तिचं घर मुकं होईल. तिच्याशी बोलायला कुणी उरणार नाही. तू जा. अडखळत बोल, चुकत बोल. ती हसेल. हसू दे.’’

निरोप संपला. टिकटिकही थांबली. हेडफोन दारात उभा होता, तो हळूच मागे सरकला. सर आपल्या टेबलाशी कागद चाळत होते, पण पान उलटत नव्हते.

लेक मावशींच्या समोरच्या खुर्चीत बसली. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. काहीतरी आठवून जुळवत असावी. मग तिने त्या भाषेत एक वाक्य म्हटलं, लहान पोरासारखं, सगळे शब्द सुटे सुटे. छोट्या मुलीला विचारतात त्या पद्धतीने तिने आपल्या म्हाताऱ्या मावशीला विचारलं, जेवलीस का?

मावशी हसल्या. हसता हसता डोळे भरून आले तरी हसत राहिल्या.

‘‘नाही अजून,’’ त्या म्हणाल्या, त्याच भाषेत.

आम्ही मावशींना इतक्या वर्षांत शेकडो शब्दांचे अर्थ विचारले होते. हे मात्र त्यांना त्यांच्या भाषेत आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.